टिटवीचे पाय शेपटीला

आमच्या करमाडात पोरगं लई वळवळ करायला लागलं की बाया म्हणतात, "ह्याच्या बुडाखाली इंगळी हाय का काय?" इंद्रजीतच्या बाबतीत बायांनी हे म्हणायचं सोडून दिलं. रोज रोज तेच काय म्हणणार? पंगतीत बसला तर दुसरी पोळी ताटात पडायच्या आत उठणार. देवळात आरती चालू असली तर हा बाहेर लोकांच्या चपला जोडीनं लावत फिरणार. मुलगी बघायला गेला, तर पोहे यायच्या आत त्यांच्या बंद पडलेल्या टीव्हीचं मागचं झाकण खोललं. टीव्ही लागला, सोयरीक मोडली. मुलीचा बाप इंद्रजीतच्या वडलांना, आप्पासाहेबांना, म्हणला, "पोरगं हुन्नरी हाय पाव्हणं, पर आमची लेक ह्याच्यामागं पळून पळून वाळून जाईल."

नोकरीचंही तेच. शेंद्र्याला कंपनीत लागला, सोडली. वाळूजला लागला, सोडली. शहरात पोरांना कॉम्प्युटर शिकवायला लागला, तिथं उभं राहून शिकवायचं असल्यामुळं जरा जास्त टिकला. आता मुकुंदवाडीत एक खोली घेऊन लोकांच्या मेलेल्या हार्डडिस्कमधून लग्नाचे फोटो काढून देतो. ते त्याचं पोटापाण्याचं. जीव मात्र दुसरीकडंच.

ते दुसरं म्हणजे एक फुकटचा प्रोग्रॅम. जुन्या फ्लॉपीची, जुन्या डिस्कची आख्खी नक्कल काढतो. नुसत्या फायली नाय. कोणती फाईल कुठं बसलीय, कुठं जागा रिकामी हाय, सगळं जसंच्या तसं एका फाईलीत भरतो. सामान गाडीत भरून नवीन घरी नेणं वेगळं आन सामानासकट घरच उचलून नेणं वेगळं. हा दुसरा प्रकार. त्याला डिस्क इमेज म्हणतात. जगभरातली काही माणसं मिळून हा प्रोग्रॅम सांभाळतात, त्यातल्या चुका दुरुस्त करतात, पगार कोणालाच नाय. इंद्रजीत त्यातला एक. गावी आला की त्याची माय साळूबाई भाकरी थापता थापता विचारते, "कोन्या देशाच्या लोकाचं धुनं धुतो रं फुकटात? घरची बादली तशीच पडली."

हा हसतो आन बादली उचलायच्या ऐवजी मोटारीचं स्टार्टर खोलतो.

तर ह्या इंद्रजीतची थोरली बहीण रूपा. तिला पडेगावला दिलेली. नवरा ट्रकवर, घरी कमी आन रस्त्यावर जास्त. घराच्या मागं पत्र्याचं शेड, त्यात एक माग. हातमाग नव्हं, विजेवरचा. वरती जॅकार्ड बसवलेलं. जॅकार्ड म्हणजे नक्षीचं डोकं. कोणता दोरा वर उचलायचा, कोणता खाली सोडायचा, ते ठरवतं. रूपानं हा माग सुरतेच्या बाजूनं जुना आणलेला. नक्षी त्याला फ्लॉपीतून द्यायची. आता फ्लॉपी कुठं मिळते? इंद्रजीतनं तिथं एक डबा बसवून दिला. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह घालायचा, त्यात डिस्क इमेज, आन माग समजतो आपल्याला फ्लॉपीच दिली. माग भोळा.

शेडमधी रूपाच्या बरोबर कडुबा. हयात मागावर गेलेला माणूस. तोंडात सदा तंबाखू आन बोलणं सदा वाकडं. शेडातल्या कॉम्प्युटरवर नक्षी तोच काढायचा, माग तोच चालवायचा. हिमरूच्या धाटणीच्या शाली निघायच्या. दौलताबादला जाणारे लोक गाडी थांबवून घ्यायचे. बरं चाललं होतं.

पण ह्याच लोकांच्या गाड्यांवर रूपाच्या दिराचा डोळा. शिवम त्याचं नाव. त्याचं म्हणणं, "वहिनी, रस्त्यावरून येवढ्या गाड्या जातात. शेड मला द्या, गाड्या धुवायचं सेंटर टाकतो. ह्या खटाऱ्यात काय ठेवलंय?" नुसतं म्हणून थांबला नाय, पाण्याचा पंप आणून खोक्यासकट शेडच्या दारातच ठेवला. रूपा जाता येता त्या खोक्याला ठेचकाळायची. शेवटी दोघांत करार झाला. शहरातल्या स्वरदा मॅडमचं दुकान हाय, त्यांची मोठी ऑर्डर येणार होती. ती आली तर माग राहील. हातची गेली तर माग भंगारात आन शेड शिवमला.

स्वरदा मॅडमनं नक्षी आपली पाठवली. अंगभर टिटव्या. लांब पायाच्या, मान वर करून उभ्या. काठाला मात्र कडुबाचा पोपट, तो त्यांना आवडलेला. रूपानं टिटवीची फाईल इंद्रजीतच्या प्रोग्रॅममधून इमेजमधी घातली, पेनड्राइव्ह लावला, माग चालू केला. हातभर कापड निघालं आन रूपानं माग थांबवला.

टिटवीचे पाय शेपटीला. चोच मानंच्या मागं. जणू कोणी पाखरू कापून, तुकडे मिसळून, अंधारात परत चिकटवलं.

कडुबा म्हणला, "बाहेरच्या नक्ष्या आपल्या मशीनला नाय लागू पडत. मी आधीच म्हणलं व्हतं."

रूपानं फोटो भावाला पाठवला. त्याचा फोन लगेच आला. हा बोलताना खोलीत फेऱ्या मारत होता, चपलेचा आवाज फोनमधी येत होता.

"आक्के, पंचवीस म्हण."

"कामून?"

"म्हण तर."

"पंचवीस."

"आधी काय म्हणली? पाच. मग वीस. आन लिहिताना आधी काय लिहिती?"

"दोन."

"हां. तुझा माग लिहिल्यासारखं वाचतो, मोठा आधी. आन आपला प्रोग्रॅम बोलल्यासारखं लिहू राह्यला, धाकटा आधी. आठ दोऱ्यांचा एक गठ्ठा, त्याला बाइट म्हणतात. दोन दोन गठ्ठ्यांची जोडी. प्रत्येक जोडीत मागचा पुढं आन पुढचा मागं झालाय. टिटवीला काय झालेलं नाय. गठ्ठे जागच्या जागी ठेवले की उडून जाईल."

"उडायला नको, शालीवर बसायला पाहिजे. आन प्रोग्रॅमला सांग ना, बोलल्यासारखं लिहू नको म्हणून."

"तेच सांगू राह्यलो."

हा पंचवीसचा दाखला त्याला पुस्तकात सापडलेला नाय. करमाडच्या शाळेत गुरुजी आकडे सांगायचे आन पोरं पाटीवर लिहायची. इंद्रजीतचा हात कानाच्या पुढं पळायचा. 'पंच' कानावर पडलं की पाच लिहून मोकळा, मग 'वीस' ऐकून त्याच्यापुढं दोन. झाले बावन्न. चौऱ्याहत्तर म्हणलं की सत्तेचाळीस. गुरुजींनी कान पिळला तर म्हणतो, "तुमीच तर पाच आधी म्हणले." गुरुजींनी दुसरा कान धरला. अख्खा वर्ग हसला. पण खरं सांगायचं तर पोराचं काय चुकलं? आपण बोलतो एकीकडून आन लिहितो दुसरीकडून. सगळे निमूट शिकतात, ह्याला ते टोचलं. पुढं कॉम्प्युटरमधी हेच भांडण त्याला भेटलं तेव्हा जुना वैरी भेटल्यासारखा खुश झाला. काही चिपा मोठा तुकडा आधी ठेवतात, काही धाकटा. दोन्ही बरोबर. एकीनं लिहिलेलं दुसरीनं वाचलं की बोंब.

प्रोग्रॅममधी चूक सापडायला त्याला वेळ लागला नाय. आधी कोणीतरी दुरुस्तीला हात घातलेला होता, पण अर्धाच. नक्षीची रुंदी, उंची, नाव, एवढं मागाच्या पद्धतीनं लिहिलेलं. पोटातली नक्षी तशीच राहिलेली. म्हणून माग फाईल उघडायचा, तक्रार करायचा नाय, आन पाखरं कापायचा. इंद्रजीतनं एक ओळ बदलली. जोडीतले गठ्ठे लिहायच्या आधी फिरवायचे. बस.

आता इथं थांबायचं होतं. शेडात जायचं होतं. कडुबाच्या शेजारी बसून त्याच्या नक्ष्या पडद्यावर बघायच्या होत्या. पण थांबला तर तो इंद्रजीत कसला? पायात बूट घालता घालता त्यानं कडुबाला फोन लावला.

"कडुबामामा, प्रोग्रॅम दुरुस्त केलाय. तुमच्या नक्ष्या सगळ्या सुलट्याच हायत ना?"

"सुलट्याच की. जल्म गेला मागावर, उलटी कशी विणीन?"

"मग झालं."

आन झालं म्हणून त्यानं ती दुरुस्ती जगभराला पाठवून दिली. मग पडेगावला गाडी हाणली, प्रोग्रॅम घातला, चहा उभ्यानं प्यायला, टिटवी लावली. टिटवी सरळ आली. पाय खाली, मान वर, चोच पुढं. रूपानं कापडावरून हात फिरवला आन शिवमला हाक मारली, "भाऊजी, खोकं उचला." शिवम म्हणला, "मॅडम येऊन जाऊ द्या आधी." कडुबा बाहेर जाऊन थुंकून आला. बोलला काय नाय. तो बोलला नाय हे कोणाच्या ध्यानात आलं नाय, इंद्रजीतच्या तर नायच, त्याची गाडी तवर पडेगावच्या नाक्यावर पोचली होती.

स्वरदा मॅडम आल्या. टिटवी बघून म्हणल्या, "वा, रूपाताई, छान आलीय. आता काठाचा पोपट दाखवा, म्हणजे मी आजच पक्कं करते." इंद्रजीत कौतुक ऐकायला आलेलाच होता. त्यानंच पोपटाची फाईल लावली. माग खटाखट चालला. शिवम दाराला टेकून उभा.

पोपटाची चोच मानंमागं. डोळा शेपटीत.

माग चालूच होता, एकामागं एक कापलेला पोपट बाहेर टाकत होता. रूपानं बटन बंद केलं.

स्वरदा मॅडम भल्या बाई, पण धंदेवाल्या. म्हणल्या, "एक सरळ झाला की दुसरा मोडतो, असं कसं चालेल? मी पुढच्या आठवड्यात परत येते. दोन्ही एकाच शालीवर पाहिजेत. नाहीतर येवल्याच्या विणकरांशी माझं बोलणं झालंय."

शिवम म्हणला, "वहिनी, पुढचा आठवडा मंजूर. त्याच्यापुढं मी नाय ऐकणार." त्यानं पंपाच्या खोक्यावर थाप मारली.

मॅडम गेल्या तसा इंद्रजीत कडुबावर चालून गेला. "सुलट्या म्हणले होते तुम्ही!"

"मग? कापडाची सुलटी बाजू खालून येती, उलटी वरून. आमच्यात सुलट म्हणजे ते. तुझ्या कांप्युटरातलं सुलट मला काय माहीत?"

आता विणकाराच्या तोंडी सुलट म्हणजे कापडाची देखणी बाजू, हे खरंच हाय. पण कडुबा बोलताना मागाकडं बघत होता, माणसाकडं नाय.

रूपा मधी पडली. "पर इंद्रजीत, कांप्युटरवर तर कडुबाभाऊंचा पोपट पहिल्यापासून कापलेलाच दिसतो. मला वाटलं मशीनला तसाच लागत असंल."

इंद्रजीत जागेवर थिजला. असं त्याच्या बाबतीत क्वचितच होतं. "तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? रोज समोर दिसतो."

"मग मला सांगितलं कामून नाय?"

"कोणाला सांगू? तू आला, उभ्यानं कपभर चहा ओतला आन गेला. बसला असता तर तुझ्याच डोळ्यापुढं होतं."

मग कडुबाच्या तोंडून हळूहळू बाहेर आलं. माग आणला त्याच महिन्यात त्याला कळलं होतं की आठ-आठ दोऱ्यांची अदलाबदल होती. कामून होती ते त्याला कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. त्यानं सरळ नक्षीच कापून घालायला सुरुवात केली. पोपट काढायचा, आठ दोऱ्यांचे तुकडे करायचे, जोडीजोडीनं अदलाबदल करायची. यंत्र त्याला परत फिरवायचं आन पोपट अखंड निघायचा. दोन चुकांची एक गाठ. इंद्रजीतनं त्यातली एक सोडवली, आन दुसरी उघडी पडली.

"एवढं येत होतं तर टिटवीपण कापून द्यायची होती," रूपा म्हणली.

"दिली असती की. मग कोणीबी शहराचा माणूस नक्षी पाठवणार, तू बटन दाबणार. कडुबाचं काय काम राहतं?" कडुबानं तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. "पोटात ठेवलं म्हणून तर पोट भरत होतं."

कडुबानंच तोड सुचवली. "टाक तुझं जुनंच परत. पोपट सरळ व्हईल. टिटवी मी बसून कापून देतो. आठवडा कशाला, परवापर्यंत."

इंद्रजीतचा हात लगेच माऊसवर गेला. जुना प्रोग्रॅम घालायला चार क्षण लागले असते. ऑर्डर मिळाली असती, माग वाचला असता, शिवमचं खोकं उठलं असतं. आन त्याला मोकळं होऊन निघता आलं असतं, हे सगळ्यात मोठं आमिष.

"थांब," रूपा म्हणली. "जुनं टाकू नको."

"आक्के, आठवडा हाय फक्त."

"आठवडा मलापण मोजता येतो. उद्या कडुबाभाऊ पडले आजारी, नायतर गेले रुसून, तर मी कापलेल्या पाखरांचं काय करू? माग माझा राहणार का ह्यांच्या खिशात? राहायचा तर नीट राहू दे. नाय तर शिवमला गाड्या धू म्हणावं, मी पाईप धरते."

कडुबाच्या तोंडावरच बोलली. आडून बोलायची तिला खोड नाय. कडुबानं तोंड फिरवलं, पण उठून गेला नाय.

त्याच दिवशी इंद्रजीतच्या मोबाइलवर निरोप आला. लांबच्या कुठल्याशा देशात कोणी एक बाई जुन्या मागावर पडदे विणते. तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: तुमच्या दुरुस्तीनं माझ्या सगळ्या जुन्या नक्ष्या मोडल्या, कृपा करून चूक परत आणा.

इंद्रजीतनं वाचून दाखवलं आन डोकं धरलं. रूपा म्हणली, "म्हणजे तिकडंबी एक कडुबा हाय."

कडुबाला हे लई आवडलं. "सगळीकडं असतो," तो म्हणला.

आता मामला असा. प्रोग्रॅम जुना ठेवला तर नवीन नक्ष्या कापल्या जाणार, नवा ठेवला तर जुन्या. आन फाईलीला विचारून कळत नाय ती कोणत्या काळातली. गठ्ठ्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, मी पुढचा का मागचा. तेव्हा प्रत्येक नक्षीला आता खूण घालायची: ही कापलेली, ही अखंड. कापलेली असली तर प्रोग्रॅम तिला अदलाबदल न करता जशीच्या तशी लिहील. प्रोग्रॅमचं काम सोपं. पण खूण घालणार कोण? पोपट, हरण, मोर डोळ्याला दिसतात. जाळी कशी दिसणार? ठिपके? बारीक बुट्ट्या? ज्यानं काढल्या त्यालाच माहीत.

मग सुरू झालं ते इंद्रजीतच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. बसणं.

खुर्ची एक, त्यावर तो. शेजारी सुताच्या पेटीवर कडुबा. रूपा मागाजवळ. एक फाईल उघडायची, कडुबा बघणार, सांगणार, खूण घालायची. इंद्रजीतचा पाय हलायचा. पायानं टेबल हलायचं, टेबलानं पडदा. कडुबानं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"हा पंप बंद कर आधी. मला ठिपका दिसंना."

"मामा, जरा लवकर."

"लवकर केलं म्हणून तर बसलोय ना इथं. पुढं घे. ही... ही कापलेली. ही अखंड, मागाबरोबर आलेली, सुरतेवाल्याची. ही मपली, माझ्या हातची. ही पण मपली."

"ही?"

कडुबानं डोळे बारीक केले. एक जाळी होती, चौकटीत चौकट. "अखंड."

रूपानं खात्रीसाठी जाळीचा वीतभर पट्टा विणून काढला. चौकटी एकमेकीत घुसल्या होत्या. पट्टा तिनं दोघांच्या समोर टेबलावर ठेवला. इंद्रजीतनं कडुबाकडं बघितलं. कडुबानं पट्ट्याकडं.

"म्हातारपण," कडुबा म्हणला.

चुकला का मुद्दाम बोलला, ते त्यालाच ठाऊक. रूपानं विचारलं नाय. "आता जाळ्या सगळ्या विणूनच बघू," एवढं म्हणली, आन तेव्हापासून प्रत्येक न दिसणारी नक्षी आधी पट्ट्यावर यायला लागली. काम दुप्पट झालं. सूत वाया जाऊ लागलं. इंद्रजीत मधेच उठायचा, शेडच्या दारापर्यंत जायचा, खोक्याला अडखळून परत यायचा. रस्त्यावर गाड्यांची रीघ. शिवम दारातून डोकवायचा, "झालं का साहेब?" विचारायचा, उत्तराची वाट न बघता जायचा. त्याच्याही बुडाखाली आता इंगळी.

प्रोग्रॅममधी इंद्रजीतनं एक प्रश्नही घातला. खूण नसलेली नक्षी कोणी आणली तर प्रोग्रॅम गुमान गिळणार नाय, आधी विचारणार. पडेगावसाठी प्रश्न मराठीत लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'उलट का सुलट?' मग कडुबाकडं बघितलं आन खोडलं. 'कापलेली का अखंड?' असं लिहिलं. ह्या दोन शब्दांवर विणकर, कॉम्प्युटरवाला आन गिऱ्हाईक, तिघांचं एकमत व्हायला हरकत नव्हती. पडदेवाल्या बाईलाही त्यानं तेच इंग्रजीत करून पाठवलं. तिचा निरोप आला, आता तिचे सगळे मासे नीट पोहतात.

"मासे विणती व्हय ती?" कडुबा म्हणला. त्याला ते काम बघायचं होतं. इंद्रजीतनं तिच्या पडद्याचा फोटो दाखवला, तर म्हातारा येवढा वेळ बघत बसला की रूपाला हाक मारावी लागली.

स्वरदा मॅडम ठरल्या दिवशी आल्या. अंगभर टिटव्या, काठाला पोपट, सगळं अखंड. मॅडमनं शाल उजेडात धरली, उलटून बघितली, काठ बोटानं चाचपला आन म्हणल्या, "हिरवा जरा गडद पाहिजे." म्हणजे ऑर्डर पक्की. शिवमनं करार पाळला, खोकं उचललं. पण लांब नाय नेलं. घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत पंप बसवला, आन आता गाडी धुतली की फवारा वाऱ्यानं थेट शेडच्या पत्र्यावर येतो. रूपा आतून शिव्या देते, तो बाहेरून "वहिनी, वारा मी सोडला का?" म्हणतो. हे चालायचंच.

ऑर्डरचं काम लागायचं त्या दिवशी कडुबा आला नाय. दुसऱ्या दिवशी पण नाय. फोन लावला तर वाजायचा, उचलायचा नाय. पडेगावात कुजबूज झाली की येवल्याचा कोणी माणूस त्याला भेटून गेला. रूपानं माग स्वतः चालवायला घेतला. बटन तर तिला दाबता येत होतंच. नक्षी सरळ येत होती. पण डाव्या अंगाला ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले, दोरे तुटायला लागले. एक जोडला की शेजारचा तुटायचा. शेवटी मूठभर दोरे एकदमच सुटले आन टिटव्यांच्या मधून एक फट वर वर चढायला लागली. तिनं माग बंद केला आन भावाला बोलावलं.

इंद्रजीत आला, फट बघितली, मागाच्या चारी बाजूंनी फिरला. "हे प्रोग्रॅमचं नाय."

"ते मला दिसतंय. गाठ मारता येती का?"

त्यानं मारून बघितली. तीन दोरे जोडले, पाच तोडले.

रूपानं परत कडुबाला फोन लावला. ह्या वेळी उचलला.

"कडुबाभाऊ, ताणा तुटलाय."

"किती?"

"मूठभर."

"तुपली मूठ का मपली?"

"मपलीच. या ना."

"मी कशाला? तुमचं सगळं अखंड झालं ना आता."

"नक्षी अखंड झाली, दोरा नाय झाला. आन त्या दिवशी मी जे बोलले ते मागं घेत नाय, बरं का. माग माझाच राहणार. पर चालवायला माणूस लागतो."

पलीकडून पिंक टाकल्याचा आवाज. मग फोन कट.

"काय म्हणला?" इंद्रजीतनं विचारलं.

"काय नाय."

"मी घेऊन येतो त्याला." आन हा निघालाच. रूपा "आरं, ऐक" म्हणेस्तोवर गाडी रस्त्याला. तिनं फोन लावला, तर त्याचा फोन मागाच्या फळीवरच वाजला.

ती खाली बसली आन एकेक दोरा वेगळा करायला लागली. बाहेर शिवमचा पंप घुरघुरत होता. थोड्या वेळानं दारात रिक्षा थांबली. कडुबा आत आला, रूपाकडं न बघता खिडकीत जाऊन चुन्याची डबी उचलली.

"डबी राहिली व्हती मपली."

"घ्या की."

त्यानं डबी खिशात घातली. फटीकडं बघितलं. खाली वाकला. रूपानं जोडलेल्या गाठी एकेक करून कात्रीनं कापून टाकल्या. "ही गाठ म्हणायची का नाडी?" असं म्हणला आन मांडी घालून बसला. त्याच्या बोटांत दोरा कधी गेला आन कधी जोडला गेला, रूपाला नीट दिसलंही नाय.

"येवल्याचं काय झालं?" तिनं विचारलं.

"तिकडं सगळे कांप्युटरवाले. तंबाखू खाऊ देत नाय." मग मान वर करून म्हणला, "पोरगं कुठंय?"

"तुम्हालाच आणायला गेलं."

"कुठं?"

"घर माहीत नाय त्याला तुमचं."

कडुबा मान हलवत परत दोऱ्यावर वाकला. शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "लाव," म्हणला. रूपानं बटन दाबलं.